जिलेटिन नसलेलं दही

चूक माझी होती, आणि ती मी इंग्रजीत केली. मराठीत ती वाक्यं माझ्या तोंडून बाहेर पडली नसती, अशी समजूत मी बरेच दिवस स्वतःची घालत होतो. आता तसं वाटत नाही. कोणावर तरी खापर फोडायचंच असलं, की कुठलीही भाषा पुरते.

एका म्हाताऱ्या चिनी माणसाच्या दारात उभं राहून मी त्याच्या मुलीला सांगितलं, की तुमच्या वडिलांनी माझ्या वडिलांना खायला घालणं बंद करावं. त्या जेवणामुळे त्यांची साखर वाढली आहे. एवढ्यावर थांबलो असतो तर ते नुसतं चुकीचं ठरलं असतं. पण मी थांबलो नाही. म्हणालो, "तुम्ही लोक त्यात काय काय घालता, ते देवालाच ठाऊक."

म्हातारा मुलीच्या मागे हातात वाटी धरून उभा होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं. बाबा माझ्या मागे उभे होते. त्यांना येत होतं.

हे अमेरिकेतल्या कॅरी गावातलं, दोन हजार तीनच्या उन्हाळ्यातलं. आम्ही तेव्हा अपार्टमेंटमध्ये राहायचो. घर घ्यायचं की नाही यावर माझं आणि बायकोचं रोज बोलणं व्हायचं आणि रोज अर्ध्यावर राहायचं, कारण ऑफिसात नोकरकपात चालू होती आणि अधूनमधून कोणाचं तरी क्यूबिकल रिकामं होत होतं. सकाळी बॅज लावून दार उघडलं की मला हायसं वाटायचं, आणि आत जाऊन बसल्यावर परत धाकधूक सुरू. असा माणूस दिवसभर काहीतरी चघळत असतो. मी चघळायचो. मीटिंगमधले डोनट, मशीनमधला सोडा, कोणाच्या तरी टेबलावरच्या गोळ्या. त्या वर्षी माझा बेल्ट शेवटच्या भोकावर आला होता.

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते, व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांसाठी. वीज मंडळातून रिटायर झालेले, शिस्तीचे आणि कट्टर शाकाहारी. मधुमेह जुना, पण गोळ्यांवर आटोक्यात होता. आमच्या घराण्यात या आजाराची फार धास्ती आहे. बाबांच्या मोठ्या भावाची दृष्टी साखरेनं गेली. भिंत चाचपत न्हाणीघराकडे जाणारे काका मी लहानपणी पाहिले आहेत. बाबांना दुसऱ्या कशाची भीती वाटताना मी पाहिलं नाही, पण चष्म्याचा नंबर बदलला तरी ते आठवडाभर गप्प असायचे. म्हणून मी ठरवलं होतं, इथल्या मुक्कामात त्यांची तब्येत अशी ठेवायची की परत गेल्यावर त्यांच्या डॉक्टरांनीच विचारावं, मुलानं केलं तरी काय?

मुलानं काय केलं, तर दुकानातून वस्तू आणल्या.

इथल्या शाकाहारी घरांना एक सवय लागलेली असते. दुकानात वस्तू उचलायची, उलटी करायची आणि पाठीवरच्या बारीक अक्षरांत जनावर शोधायचं. बिस्किटात डुकराची चरबी, चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, दह्यात हाडांपासून केलेलं जिलेटिन. नव्या आलेल्या कुटुंबाला जुनी कुटुंबं हे आधी शिकवतात, मग ड्रायव्हिंग. आम्हालाही असंच कोणीतरी शिकवलं होतं. बाबांसाठी मी जरा जास्तच कसून वाचायचो, कारण मला कशाची तरी भरपाई करायची होती. मी स्वतः बाहेर कोंबडी खायचो. बाबांना ते माहीत नव्हतं. कोंबडी खाणारा मी त्यांच्या दह्यातलं जिलेटिन शोधत उभा राहायचो, आणि ते सापडलं नाही की मला आतून स्वच्छ वाटायचं.

जिलेटिन नसलेलं फळांचं दही मिळवायला मी कितीतरी दुकानं पालथी घातली. शेवटी मिळालं. वर ठळक अक्षरात 'फॅट फ्री'. तेव्हा सगळ्यांचा राग चरबीवर होता. चरबी काढली की वस्तू औषध झाली, असा माझा सरळ हिशेब होता. मग फॅट फ्री बिस्किटं आली, फॅट फ्री केक आला, मनुका घातलेलं नाश्त्याचं सिरियल आलं, संत्र्याच्या रसाचे मोठमोठे डबे आले.

"बाबा, हे दही तुम्ही बिनधास्त खा. यात चरबी शून्य, जिलेटिन शून्य."

"गोड आहे रे."

"फळांचं आहे ना. फळ गोड असणारच."

एकादशीला तर ते नुसतं तेच खायचे. उपासाला चालतं याची खात्री मी स्वतः करून दिली होती.

मे महिन्यात बाबांना सोबत मिळाली. इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या डंपस्टरच्या पलीकडे मातीचा एक पट्टा होता. तिथे एक म्हातारा काठ्या रोवून, सुतळ्या बांधून वेल चढवत असायचा. आमच्याच जिन्यात, वरच्या मजल्यावर त्याची मुलगी राहायची. ती एका औषध कंपनीत केमिस्ट होती. तिच्या बाळाला सांभाळायला तो आला होता, बाबांसारखाच व्हिजिटर व्हिसावर. तिनं बाळाला पाळणाघरात घातलं तेव्हा म्हाताऱ्याला दिवसभर काही कामच उरलं नाही, आणि त्यानं ही माती शोधून काढली. त्याचं नाव उच्चारायला आम्हाला कोणालाच जमलं नाही. बायको त्यांना 'वरचे आजोबा' म्हणायला लागली, तेच राहिलं.

बाबा वेलापाशी थांबले आणि पान चुरगळून वास घेतला.

"अहो, हे कारलं!" ते चक्क मराठीत म्हणाले.

आजोबा चिनीत काहीतरी बोलले. मग दोघांनी एकदमच तोंड कडू केलं आणि एकमेकांकडे बघून हसत सुटले. हे सगळं बाबांनी आम्हाला संध्याकाळी साभिनय करून दाखवलं. आई गेल्यापासून त्यांनी कशाचीही नक्कल केली नव्हती.

त्यानंतर रोज सकाळी आणि संध्याकाळी दोघं तळ्याभोवती फेऱ्या मारायचे. एक मराठीत बोलायचा, एक चिनीत. दुपारी बाबा वर जेवायला जायला लागले. मी आधी घाबरलो, पण आजोबांच्या मुलीनं लाँड्री रूममध्ये मला थांबवून सांगितलं, की काळजी करू नका. तिची आजी दर महिन्याला प्रतिपदेला आणि पौर्णिमेला मांस खायची नाही, त्यामुळे वडिलांना बिनमांसाचा स्वयंपाक चांगला ठाऊक आहे. हे मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आपल्या चतुर्थीसारखंच. मी त्याच्या कढईवरूनच ओळखलं होतं."

"कढईवरून काय ओळखलंत?" बायकोनं विचारलं.

"माझ्यासाठी वेगळी ठेवलीय त्यानं. खूण करून दाखवली. मोठीत कोंबडी, छोटीत मी."

रोज संध्याकाळी तिथलं वर्णन व्हायचं. उकळत्या पाण्यात नुसत्या बुडवून काढलेल्या हिरव्या भाज्या आणि वर ठेचलेला लसूण. वाफवलेला टोफू, त्यावर आलं. कारल्याच्या पातळ चकत्या मीठ लावून, पिळून, तव्यावर जरा परतलेल्या. आणि सुरुवातीला कधीतरी एका वाटीत मऊ तांदूळ आणि पाणी.

"अरे, पेज होती ती, पेज! कोकणात आजारी पडल्यावर आई द्यायची ती. एवढ्या लांब येऊन मी पेज खाल्ली."

"आणि चहा?"

"चहा कसला, गवताचं पाणी. साखर मागितली तर तो बाळाच्या औषधातली साखरेची पुडी शोधायला लागला. त्याच्या घरात साखरच नाही. आता मला त्या पाण्याशिवाय करमत नाही. आणि खरं सांगू का, तुमच्या घरचं जेवण आता मला जड जातं."

"तुमच्या घरचं?" बायको म्हणाली. "घ्या! म्हणजे आता मी चिनी सून व्हायचं का बाबा?"

"तू नको होऊस. तुला ते गवत जमायचं नाही."

उरलेलं काहीतरी ते स्टीलच्या डब्यातून खाली घेऊन यायचे, आणि डबा परत जायचा तो कधी रिकामा जायचा नाही. आईचीच ती पद्धत. भाजके शेंगदाणे, काकडीची कोशिंबीर, मेथीची भाजी, काहीतरी घालूनच द्यायचा. आजोबांनाही ते पटलं असावं, कारण वरून येणारा डबाही नेहमी भरलेला असायचा. त्या डब्याची ये-जा हा आमच्या घरातला एक आवाजच झाला होता.

आता शुक्रवारबद्दल लिहायला हवं. दर शुक्रवारी आमची टीम हायवेलगतच्या चायनीज बुफेला जायची. तिथे कोंबडीचे तळलेले तुकडे लाल-नारिंगी पाकात न्हाऊन निघालेले असायचे. मी पाक म्हणतोय ते उगाच नाही. जिलबी काढताना जसा पाक ओघळतो, तसाच तो चमच्यावरून ओघळायचा, गार झाला की ताटाला चिकटून बसायचा. मी परत परत उठून ताट भरून आणायचो. वर सोडा. दुपारी डेस्कवर डोळे मिटायचे आणि मी दचकून जागा व्हायचो, कोणी बघितलं तर कपातीच्या यादीत माझं नाव जाईल म्हणून. चायनीज जेवण म्हणजे काय, याची माझी सगळी माहिती एवढीच होती. चव मला पाठ होती, आणि ती वाईट आहे हेही मला माझ्या पोटावरून माहीत होतं.

जुलैमध्ये बाबांची रक्ततपासणी केली. आमच्या मराठी मंडळात एक वयस्कर डॉक्टर आहेत, सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांनी ओळखीनं करून दिली. भारतातून निघताना जे रिपोर्ट आणले होते, त्यापेक्षा साखर बरीच वर गेली होती. मी रिपोर्ट घेऊन गाडीत बसलो. काका भिंत चाचपताना दिसले. आणि लगेच दिसला तो नारिंगी पाक. त्या दोन चित्रांच्या मध्ये काहीही नव्हतं, एक क्षणभराचा विचारसुद्धा नाही. बाबा दुपारी चायनीज जेवतात. बाबांची साखर वाढली. झालं.

त्या घरात साखरेचा कण नाही, हे बाबांनी स्वतः मला सांगितलं होतं. मी ते हसत ऐकलंही होतं. पण दोषी बाहेरचा हवा असला की ऐकलेलं आठवत नाही.

घरी आलो आणि बूट न काढता वर गेलो. बाबा तिथेच होते. त्यांना बाहेर बोलावलं आणि त्यांच्या देखतच ते सगळं बोललो.

आजोबांच्या मुलीचा चेहरा हळूहळू बंद होत गेला, खिडकी लावावी तसा. मग तिनं दार लावून घेतलं. जिना उतरताना बाबा म्हणाले, "मी इतकी वर्षं नोकरी केली, पण कोणाच्या अन्नाला नाव ठेवलं नाही." पुढे बरेच दिवस ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी स्टीलचा डबा ठेवलेला होता. घासूनपुसून लख्ख. बाबांनी झाकण उघडून बघितलं. आत काही नव्हतं. त्यांनी झाकण लावलं आणि डबा ओट्यावरच्या सगळ्यात वरच्या फळीवर, हात पुरणार नाही अशा ठिकाणी सरकवून दिला.

त्यांचं फिरणं बंद झालं. म्हणजे बाहेरचं. घरात मात्र ते सारखे चालत असायचे, खिडकीपासून फ्रीजपर्यंत, फ्रीजपासून खिडकीपर्यंत. मी ऑफिसातून फोन केला की मागे त्यांच्या सपातांचा आवाज यायचा. खिडकीतून खालची माती दिसायची. आजोबा खाली आले की बाबा पडद्याआड व्हायचे.

"बाबा, तुम्ही जा ना फिरायला. फिरायला कोण नको म्हणतंय?"

"तो समोर आला तर काय तोंड दाखवू?"

"मी फक्त खाण्याबद्दल बोललो."

"तू काय बोललास ते मला समजलंय. माझं तिकीट अलीकडचं करून आण."

"असं काय करता? अजून साखर उतरली नाही. तिकडे एकटे राहून..."

"तिकडे निदान रस्त्यावर तरी निघता येईल मला."

तिकीट कॅन्सल करून दुसरं करणं मी टाळत राहिलो. आणि त्यांच्या दुपारच्या जेवणाची सोय आणखी उत्साहानं केली. गव्हाच्या ब्रेडचं सँडविच, ते दही, तो रस, संध्याकाळी फॅट फ्री बिस्किटं. बाबा खिडकीपासून फ्रीजपर्यंत जायचे तेव्हा मधूनच दारही उघडायचे. करायला दुसरं होतं काय त्यांना?

साखर उतरली नाही. चढली. ऑगस्टच्या एका सकाळी मी नेटवरून छापून आणलेली मराठी बातमी ते वाचत होते. कागद लांब धरला. मग जवळ. मग चष्मा काढून पुसला आणि परत लांब. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या प्रिंटरची शाई संपत आलीय वाटतं."

शाई संपली नव्हती. मी बाथरूममध्ये जाऊन मावशींना फोन लावला.

"मावशी, त्यांचं चायनीज मी पूर्ण बंद केलंय, तरी साखर वाढतेच आहे. आणि आता अंधुक दिसतंय त्यांना."

"चायनीज? कुठलं चायनीज?"

मी सांगितलं. त्या मध्येच म्हणाल्या, "थांब. पेज, कारलं, पालेभाज्या, टोफू. याच्यानं? पेज जरा कमी करायला हवी होती, तांदूळ तो तांदूळच. पण बाकीच्याला मी तर वर्गणी काढून प्रोत्साहन दिलं असतं. बरं, तू घरी काय देतोस?"

मी अभिमानानं सगळं सांगितलं.

"अरे, त्या दह्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचलंस का कधी?"

"वाचतो ना मावशी. प्रत्येक वेळी वाचतो. जिलेटिन नाहीये त्यात."

"जिलेटिन नाही रे बाळा. साखर. साखर किती लिहिलीय?"

मी फोन कानाला लावूनच फ्रीजपाशी गेलो. डबा उलटा केला. इतकी वर्षं माझं बोट ज्या ओळीवर जायचं त्याच्या वरच पोषणमूल्यांचा एक चौकोन होता. ठळक छापलेला. तो मी कधीच वाचला नव्हता. आणि माझ्या ओळीतही दुधानंतर लगेच साखर होती, मग फळ, मग मक्याचं सिरप. तिच्यावरून माझी नजर रोज गेली होती, जनावर शोधत. मग बिस्किटं उलटी केली. मग केक. सिरियल. रसाचा डबा. चरबी काढून घेतलेल्या प्रत्येक ठिकाणी चव येण्यासाठी साखर ओतलेली होती. ओटाभर डबे पालथे पडले.

बायको येऊन उभी राहिली. तिनं दोनतीन डबे उचलून वाचले.

"म्हणजे तू इतके दिवस गाईचं हाड शोधत होतास," ती म्हणाली, "आणि बाबांना रोज आइस्क्रीम चारत होतास."

बाबांना सांगायला गेलो तेव्हा ते खिडकीशीच होते. मी सगळं सांगितलं. शुक्रवारच्या कोंबडीचंही सांगून टाकलं, कारण अर्धं सांगून माझी धडधड थांबली नसती. कोंबडीचं त्यांना बहुतेक आधीच माहीत असावं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "त्या दह्याचं म्हणतोयस? ते मला पहिल्यापासून फार गोड लागायचं."

"मग खाल्लंत कशाला?"

"तू इतक्या हौसेनं आणायचास."

मी तिथेच जमिनीवर बसलो.

"बाबा, माझं चुकलं."

"मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले, आणि वरच्या मजल्याकडे बोट केलं.

घरातलं खाणं दुसऱ्याच दिवसापासून बदललं. मावशींनी गोळ्या वाढवल्या, डोळे तपासायची व्यवस्था केली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडदा अजून शाबूत आहे, साखर खूप चढली की असं अंधुक होतं, उतरली की निवळेल, पण ती उतरायलाच हवी. आणि मावशी मला बजावून म्हणाल्या, "नुसत्या गोळ्यांवर विसंबू नकोस. त्यांना चालव. आधी चालत होते ना, तसे चालव."

तिथेच तर सगळं अडलं होतं. बाबा दाराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हते, आणि त्यांना बाहेर काढायचा रस्ता एका जिन्यावरून जात होता. मी तो चढत नव्हतो. रोज उद्या म्हणायचो. कचरा टाकायला इमारतीला वळसा घालून जायचो, म्हणजे मातीच्या पट्ट्यावरून जायला नको. एकदा वरच्या दारापर्यंत गेलो, आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि वेळ बरी नाही असं म्हणून परत फिरलो. एकदा आजोबांची मुलगी लाँड्री रूममध्ये भेटली. मी ड्रायरमधले ओले कपडे तसेच गोळा करून निघून आलो. इंग्रजीत मी वाक्यं जुळवत बसायचो. ऑफिसच्या ईमेलसारखी व्हायची ती. गैरसमज झाला, माहिती अपुरी होती, वगैरे. सगळ्यांमध्ये चूक कोणीतरी केलेली असायची, पण मी नसायचो.

शेवटी बाबांनीच हलवलं. एका शनिवारी सकाळी उठून बघतो तर ते स्वयंपाकघरात विळी नसल्यामुळे सुरीनं, जमत नसतानाही, कारली चिरत होते. जन्मात त्यांनी भाजी चिरली नव्हती. वरच्या फळीवरचा डबा काढून, विसळून बाजूला ठेवलेला होता. खुर्चीवर चढून काढला असणार.

बायकोनं कढई ठेवली आणि सवयीनं गुळाच्या डब्याकडे हात नेला.

"गूळ नको घालूस," बाबा म्हणाले. "त्याला कळेल आपण शिकलो ते."

भाजी गार व्हायची वाट न बघता त्यांनी डबा भरला आणि माझ्या हातात दिला. स्वतः चपला घालून माझ्यामागून निघाले. कितीतरी दिवसांनी ते दाराबाहेर आले होते. पण जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबले आणि कठडा धरून उभे राहिले. "तू जा," एवढंच म्हणाले.

दार आजोबांच्या मुलीनं उघडलं, अर्धंच. मी म्हणालो की मला तुमची आणि तुमच्या वडिलांची माफी मागायची आहे, आणि त्यांना तुम्ही ते चिनीत सांगावं अशी विनंती आहे. आजोबा आतून आले. त्यांनी आधी माझ्या हातातला डबा बघितला, मग माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे बघितलं, आणि मुलीला काहीतरी विचारलं.

"ते विचारतायत, तुमचे वडील आता बरे आहेत का."

मला कळेना. ती दार ओढून घेत हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी जे बोललात ते मी त्यांना सांगितलं नाही. कसं सांगणार होते? मी एवढंच सांगितलं की तुमचे वडील आजारी आहेत आणि आपलं जेवण त्यांना मानवलं नाही. तेव्हापासून त्यांची समजूत झालीय की त्यांनीच तुमच्या वडिलांना आजारी पाडलं. खाली जातात, वेलाला पाणी घालतात. पण कारली तोडत नाहीत. पिकून फुटून पडतायत सगळी. आणि डबा रिकामा ठेवला तो भीतीनं. पुन्हा काही अपाय होईल म्हणून."

मी त्यांचा राग झेलायची तयारी करून आलो होतो. कोणी शिव्या दिल्या असत्या तर खाल्ल्या असत्या. पण मी एका म्हाताऱ्या माणसाला माझा गुन्हा देऊन आलो होतो आणि त्यानं तो कुरकुर न करता उन्हाळाभर सांभाळला होता, हे मला माहीत नव्हतं. जुळवून आणलेली सगळी वाक्यं गेली.

"आता सगळं सांगा," मी तिला म्हणालो. "जे मी तेव्हा बोललो तेही सांगा. काही गाळू नका."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि दार पूर्ण उघडलं. मी आजोबांकडे तोंड करून बोलायला लागलो. एक वाक्य झालं की थांबायचो, ती चिनीत सांगायची, मग पुढचं.

"तुमच्या जेवणानं माझे वडील आजारी पडले नाहीत. तुमच्याकडे ते बरे होते. त्यांना आजारी मी पाडलं, मी दुकानातून आणलेल्या गोड वस्तूंनी, आणि त्या वस्तूंवर काय लिहिलंय ते मी नीट वाचलं नाही. तुमच्या घरात साखर नसते हे मला माहीत होतं. तरी मी तुमच्यावर आळ घेतला. तुम्ही लोक जेवणात काय घालता देवालाच ठाऊक, असं मी तुमच्या दारात उभं राहून म्हणालो. ते खोटं होतं आणि हलकटपणाचं होतं. तुमच्या मुलीला ते ऐकावं लागलं, माझ्या वडिलांना ऐकावं लागलं. माझं चुकलं. मला माफ करा. या डब्यात कारल्याची भाजी आहे, ती माझ्या वडिलांनी स्वतः चिरली आहे. ते खाली पायरीशी उभे आहेत. लाज वाटते म्हणून वर आले नाहीत, पण त्यांची काही चूक नव्हती. सगळी माझी होती."